चंद्र झाकायचा नाही

सदाशिव पेठेतल्या आमच्या गणेश मंडळाने त्या वर्षी हलता देखावा ठरवला: माणूस न पाठवता चंद्रावरची माती आणणारं यान. कल्पना माझी. यंत्राचा हात मात्र विश्रांतवाडीच्या सातवीतल्या मुलींनी बनवला होता, ज्यांना मी संध्याकाळी विज्ञान शिकवते. इंजेक्शनच्या सिरिंजा, नळ्या, पाणी. एक सिरिंज दाबली की हात वाकायचा, दुसरी दाबली की पळी माती उचलायची. मातीही त्यांचीच, आपला काळा दगड कुटून केलेली. चंद्रावरचे काळे डाग असल्याच थिजलेल्या लाव्हाचे, हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "मग ताई, एवढ्या लांब कशाला जायचं?" ती अख्खी संध्याकाळ त्या प्रश्नात गेली.

पहिल्या दिवशी हात तुम्हीच चालवायचा, असा मी मुलींना शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी बहुतेकजणी गावाला जाणार होत्या. म्हणजे जे काय ते त्याच संध्याकाळी.

दुपारी मंडपात गेले, तर चंद्रावर चादर!

अध्यक्षकाका खुर्ची टाकून बसले होते. "आज चतुर्थी. आज चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो. उद्या उघडू."

"काका, प्लास्टरचा आहे तो."

"मूर्तीपण शाडूचीच आहे, बाईसाहेब. पाया पडतोच की."

मूर्तीचा मुद्दा मी बाजूला ठेवला. मी म्हटलं, "यान चंद्रावर उतरतं ते कॅमेऱ्याने बघत, खड्डे टाळत. तिथली माती उचलून आणण्याचा देखावा करायचा आणि इथे माना खाली घालायच्या? मग कमानीवर 'विज्ञानाची भरारी' कशाला लिहिलंय? खोडा ते."

समोरच्या निवृत्त शिक्षिका भाजीची पिशवी घेऊन ऐकत थांबल्या होत्या. "आळ यायला आधी अब्रू लागते हो, अध्यक्ष. तुम्ही निर्धास्त बघा."

सगळे हसले. काका नाही हसले.

संध्याकाळी मुली बसने आल्या. रिबिनी, पावडर, नवे ड्रेस. झाकलेल्या ढिगाकडे बघत एक म्हणाली, "ताई, आपला हात कुठाय?"

मी चादर ओढली. "आळ माझ्यावर येऊ द्या."

कार्यकर्त्यांना एकदम वायरिंग तपासायचं आठवलं. काकांनी खुर्ची फिरवली आणि चंद्राकडे पाठ करून बसले. मुलींनी सिरिंज दाबली. हात वाकला, पळी अडकली. एकीने तिला चापट मारली, तशी माती उचलली गेली आणि यानाच्या वरच्या डब्यात पडली. मुलींनी असा आरडाओरडा केला की आरतीची माणसं वळून बघायला लागली.

काका मान न वळवता म्हणाले, "आली का माती?"

"वळून बघा की काका!"

नाही वळले.

रात्री मला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. काढा. हात चालला. सकाळी पेठेत बातमी: चादर गायब, हिनेच नेली. बघा, आला की नाही आळ?

मुलींनी ती प्रसाद खायला अंथरली होती आणि घडी करून गणपतीच्या चौरंगामागे ठेवली होती. मी कुणाला सांगितलं नाही. शोधू देत. त्यासाठी का होईना, डोळे उघडतील.