घरी थांबलेला गणपती

त्या भाद्रपदात टीव्हीवर दिवसभर एकच चाललं होतं. परदेशात जमिनीखाली कसलंसं प्रचंड यंत्र सुरू करणार आणि पृथ्वीच त्यात गडप होणार. हिंदी बातम्यांतला माणूस ‘महाविनाश’ म्हणाला की माझा जीव घाबराघुबरा व्हायचा. मला सहावा महिना होता. आधीचं बाळ पाचव्यातच गेलं होतं. मालक नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची गाडी चालवायचे. त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून ते हसायचे. मी मात्र जुन्या साडीची दुपटी शिवायला घेतली होती, ती अर्ध्यावर ठेवून दिली. ज्याला जगच मिळणार नाही, त्याला दुपटं कशाला? घरात गणपती बसवला होता, पण हात जोडले तरी मनात यायचं, देवा, तुझाही हा शेवटचाच मुक्काम.

सासूबाई हयात नव्हत्या, माहेर लांब. रीतभात सांगणारं कोणी नव्हतं. गौरींबरोबर आळीतले गणपती निघाले, तसे आम्हीही आमचा घेऊन मीना नदीवर गेलो. यंत्र दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचं होतं. आरती झाली, सगळा काठ ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून ओरडू लागला आणि माझ्याने ते म्हणवेना. कुठलं पुढचं वर्ष? मला रडू आवरेना.

मालक मूर्ती घेऊन पाण्यात उतरणार, एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईने त्यांचा दंड धरला.

“थांब भाऊ. बायको दोन जिवाची हाय ना? तुमच्यात अशा वक्ताला गणपती बुडवत न्हाईत. पोर झाल्याबिगर तो घरातनं हालत नसतो.”

मालक गांगरले. म्हातारी माझ्याकडे वळली. “रडू नको, पोरी. ह्यो तुझ्यासाठी थांबनार हाय. बाळाला घिऊन ये, मग लाव वाटंला.”

मी तिच्या हातावर खोबरं ठेवलं. तिला रोजा होता. संध्याकाळी खाईन म्हणाली आणि तो तुकडा तिने पदराच्या टोकाला बांधला.

सगळं गाव रिकामे पाट घेऊन परतत होतं, आणि आम्ही मूर्तीसकट. लोक वळून बघत होते. मला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावलाच नाही. जग बुडालं नाही, हे मालकांनीच येऊन सांगितलं. खरं सांगते, भीती तेवढ्याने गेली नाही. कळ आली की अजूनही धस्स व्हायचं. पण कोपऱ्यात तो बसलेला असायचा. रोज दूर्वा वाहायची आणि म्हणायचं, तू आहेस तोवर मी आहे. दुपटी पुरी झाली.

मार्गशीर्षात मुलगी झाली. सव्वा महिन्याने तिला घेऊन आम्ही नदीवर गेलो. ना ताशा, ना गर्दी. एक बाई तेवढी धुणं धूत होती. त्या म्हातारीची मी बरीच चौकशी केली होती, पण कोणालाच ती सांगता येईना. ती कोण होती, याचा मी आता खल करत नाही. तिला मनोमन हात जोडते. जगाचं काय व्हायचं, हेही मला कळत नाही. ते ज्याचं त्याच्यावर सोपवलं आहे.

मालकांनी मूर्ती पाण्यात सोडली. “पुढच्या वर्षी लवकर या,” मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की खांद्यावरची मुलगी दचकून रडायलाच लागली.