सारवलेलं खळं आणि सातासमुद्रापारच्या दुकानाचा कायदा

गेल्या आठवड्यात आमच्या करडी गावच्या खळ्यावर जे झालं, ते आठवलं की अजून डोकं तापतं...

आम्हा बायकांचा गट चिन्नोर हे सुवासिक धान पिकवतो. यंदा तुमसरच्या एका निर्यातदाराने परदेशातल्या मोठ्या दुकानसाखळीसाठी आमचा तांदूळ पसंत केला. गावचा माल पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणार होता... फक्त एक तपासणी बाकी होती.

गटाच्या अध्यक्ष देवका मावशी. तपासणीचे साहेब येणार म्हणून त्यांनी सकाळीच सगळ्यांना कामाला जुंपलं. अख्खं खळं शेणाने गुळगुळीत सारवलं, कडेला रांगोळी घातली. पाहुण्यासाठी याहून स्वच्छ जागा आम्हाला तरी ठाऊक नाही.

साहेबांनी खळं पाहिलं आणि टॅबवर लाल खूण केली. 'धान्याच्या जागेत जनावराची विष्ठा.' नापास!

विष्ठा म्हणे! देवघरापुढे सारवतो ते हेच शेण...

मी विचारलं, हा नियम कोणत्या सरकारचा? तर कोणत्याच सरकारचा नाही. त्या दुकानाने स्वतः केलेला, आणि तपासणारी संस्थाही त्यांनीच नेमलेली, खासगी. आमच्या सरकारी निर्यात कार्यालयाला फोन लावला. करार सरकारा-सरकारांत होतात, खासगी खरेदीदाराने काय मागावं यात आम्ही पडत नाही, असं उत्तर आलं.

म्हणजे सरकारशी भांडायला सरकार आहे. पण कोणी निवडून न दिलेलं एक दुकान कायदा करतं, त्याचीच माणसं आम्हाला नापास करतात, आणि तक्रार करायची तीही त्यांच्याकडेच! हा कुठला न्याय?

स्वच्छता हवीच, त्याला कोण नाही म्हणतं? ताडपत्री अंथरा म्हणाले असते तर अंथरली असती. पण नियम इंग्रजीत, वेबसाइटवर, तेही फक्त त्या संस्थेच्या सभासदांना दिसणारे.

मावशींनी सरळ विचारलं, "तुमचा नेम आमाले आधी काहून नाई सांगतला जी? पेपर झाल्यावर पुस्तक दाखवून राहिले का?"

साहेब म्हणाले, "मावशी, माझ्या हातात काही नाही."

निर्यातदाराने दुसरीकडचा तांदूळ उचलला. आमचा घरातच राहिला...

तरी त्या दिवशी मावशींनी साहेबांना उपाशी जाऊ दिलं नाही. ताटात भात होता याच खळ्यावरच्या धानाचा. साहेबांनी तो दुसऱ्यांदा मागून घेतला.

मावशी वाढता वाढता म्हणाल्या, "जेवा जी पोटभर. अना हे बी लिवा तुमच्या टॅबमंदी."

एवढं होऊनही पाहुण्याला प्रेमाने वाढणारी ही बाई आमच्या गटाची पुढारी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

साहेबांनी मात्र ते काही लिहिलं नाही. म्हणून मी इथे लिहिते आहे.