दोन इंच आखूड

सायकलच्या दुकानात त्यांना सगळे मोजमामा म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडत गेला आणि हे नाव पक्कं होत गेलं. कोणाचीही चेन बदलायची असली की मामा ती पुढच्या मोठ्या चक्तीवरून मागच्या मोठ्या चक्तीवर गुंडाळून मोजणार, सोडणार, पुन्हा मोजणार. तिसऱ्यांदा मोजून झाली की खाली मान घालून हळूच म्हणणार, "मोजली रे."

"मामा, सायकलच आहे हो," गिऱ्हाइकं चिडवत. "मुलीसाठी स्थळ बघितल्यासारखं काय करताय?"

मामा हसत. 'मोजली रे' कोणाला म्हणतात ते मात्र सांगत नसत.

ते धाकट्या भावाला म्हणत. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

धाकट्याला डोंगर चढायचं भारी वेड. सायकल चांगली होती, पण खड्या चढावर दमछाक व्हायची. मागची मोठी चक्ती बत्तीस दात्यांची होती. त्याला बेचाळीसची हवी होती, म्हणजे पाय हलके पडतील. मामांनी बसवून दिली. पण चक्ती मोठी झाली की चेनला वळसाही मोठा घालावा लागतो. चार कड्या तरी वाढवायला हव्या होत्या, आणि दुकानात तशी चेन शिल्लक नव्हती. दोन दिवसांनी येणार होती. धाकट्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं होतं. मामांनी जुनीच चेन चढवली. लहान चक्त्यांवर ती लोण्यासारखी फिरली. मोठीवर टाकून त्यांनी पाहिलंच नाही. काय दिसेल ते ठाऊक होतं म्हणूनच पाहिलं नाही.

"दादा, चेन मोजलीस ना?" निघताना धाकट्याने विचारलं होतं.

"मोजली रे. जा तू."

शेवटच्या चढावर त्याने सर्वांत हलका गिअर टाकला. चेन पुरली नाही. चेन ताणून धरणारा मागचा हात उपटून चाकात अडकला, चाक जागीच थांबलं. त्या वळणावर कठडा नव्हता.

लोक म्हणाले, तोल गेला. सायकल मामांनीच उचलून आणली आणि कोणाचं लक्ष जायच्या आत चेन काढून फडक्यात गुंडाळली. ती देवाच्या तसबिरीमागे ठेवली. सायकल दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगली. दुपारी पंखा लावला की तिचं मागचं चाक जरासं हलायचं. टिक. टिक. मामा पंखा बंद करून घामाघूम बसायचे. तरी ऐकू यायचं.

रोज सकाळी ते तसबिरीपुढे दिवा लावत. बाकी सगळं देवाकडे मागत, क्षमा तेवढी मागत नसत. ती देवाच्या हातची नव्हे, हे त्यांना आतून कळत होतं.

परवा पुतणी आली. धाकट्याची एकुलती एक. डोंगरावरच्या वस्तीतल्या दवाखान्यात तिला परिचारिकेची नोकरी लागली होती आणि बस खालच्या वळणापर्यंतच जात होती.

"काका, बाबांची सायकल उतरव. मागच्या चक्त्या गंजल्यात, त्या जागी हा बसव." तिने पिशवीतून चक्त्यांचा नवा गड्डा काढला. सर्वांत मोठी बेचाळीस दात्यांची.

मामांनी गड्डा बाजूला सारला. "तुला नवी सायकल घेऊन देतो पोरी."

"मला हीच हवी. तुला जमत नसेल तर समोरच्या दुकानात देते."

समोरचा कारागीर चहा निवायच्या आत दोन सायकली हातावेगळ्या करायचा. मोजबीज त्याच्या गावीही नसे. मामांनी मुकाट्याने स्टूल ओढलं.

सायकल खाली आली. मामांनी चाकावर नवा गड्डा चढवला, चाक बसवलं, नवा मागचा हात लावला, त्याचा स्क्रू फिरवून मोठ्या चक्तीपासून नेमकं अंतर ठेवलं. नवी चेन दोन्ही मोठ्या चक्त्यांवरून गुंडाळली, वर दोन कड्या जास्त धरून खूण केली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मोजत असताना मागून आवाज आला,

"काका, चेन मोजलीस ना?"

मामांच्या हातून चेन सुटली. वळून पाहिलं तर पुतणी उभी. तीच मान तिरकी, तोच खांदा दाराला टेकलेला.

"असा काय बघतोस? भूत पाहिल्यासारखा!"

मामा उठले. तसबिरीमागून फडकं काढलं. गंजलेली चेन भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि नवी खुणेवर तोडून तिच्याशेजारी. दोन्ही सरळ लोंबल्या. जुनी दोन इंच वरच संपत होती.

"ही तुझ्या बाबाची," ते म्हणाले. "त्याने पण हेच विचारलं होतं. मी मोजली म्हणालो. मोजली नव्हती."

मग राहिलेलं सगळं सांगितलं. चेन लपवली तेही.

पुतणीने जुन्या चेनचं टोक बोटांत धरलं. चाक टिकटिकत होतं. त्याला कोणी हात लावला होता की नाही, मामांना आठवेना.

"आई अजून बाबांनाच बोल लावते," ती शेवटी म्हणाली. "म्हणते, घाईच नडली त्यांना, आमचा विचार केला नाही. त्यांच्या फोटोला हार घालताना पण म्हणते. आणि तू शेजारी उभा असतोस, काका."

तिने खिळ्यावरची नवी चेन काढून मामांच्या हातात दिली.

"ही मला दाखवून बसव. मोठीवर मोठी टाकून दाखव."

त्यांनी दाखवलं. मागचा हात ताणला, पण जागा राखून. तिने स्वतःच्या बोटाने चाचपून पाहिलं. मग सायकलवर बसली.

"संध्याकाळी घरी ये. ती जुनी घेऊन ये."

"तुझ्या आईसमोर मला..."

"मी नाही सांगणार. तू सांगायचंस."

ती गेली. त्या दिवशी मामांनी दुसरं काम घेतलं नाही. ऊन उतरल्यावर हात धुतले, तसबिरीपुढे क्षणभर उभे राहिले, फडकं छातीशी धरून निघाले. भिंतीवरचा हूक रिकामा होता. टिकटिक पाठीमागून येतच होती, पार भावजयीच्या दारापर्यंत.

दार तिनेच उघडलं.

"भावोजी? अवेळी कसे?" तिची नजर फडक्यावर गेली. तेलाचा जुना डाग आरपार आला होता. "हातात काय आहे?"

मामांनी फडक्याची गाठ सोडली.