काटेरावापाशी कोण बसणार?

“थांबा. आदी जखमींचं बघू,” असं म्हणत सिस्टर चष्मा कपाळावर सरकवायच्या, आणि आमची ऐन रंगात आलेली लढाई जागच्या जागी थांबायची.

लढाई खरी नव्हती, हे सांगून टाकलेलं बरं. ती साळिंदरं आणि पाणमांजरं यांच्यातली होती आणि फक्त आमच्या बोलण्यात होती. हिर्डोशीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसतो. सिस्टर तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरलेली, केस पांढरे, चाल मात्र पोरीसारखी. आम्ही दोघंही भोरहून एकाच एसटीनं जायचो. धरणाचं पाणी एका बाजूला आणि डोंगर दुसऱ्या बाजूला ठेवून ती गाडी इतकी सावकाश जायची, की कामावर निघालोय हेच विसरायला व्हायचं.

त्या प्रवासात मी एक परदेशी कादंबरीमाला वाचत होतो, वाचनालयातून आणलेली, मराठीत आलेली. जंगलातल्या प्राण्यांच्या दोन टोळ्या आणि त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. सिस्टर शेजारी बसून डुलक्या काढतात असा माझा समज होता. एकदा मी पान उलटायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

“थांबा सर, माजं व्हायचंय.”

त्या दिवसापासून आम्ही एकच पुस्तक दोघांत वाचू लागलो. तीन भाग झाले. चौथा मराठीत आलाच नाही. तिसरा संपला तेव्हा दोन्ही सैन्यं नदीच्या दोन काठांवर उभी होती, मध्ये धुकं होतं आणि एक म्हातारा सरदार काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. सिस्टरांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, शेवटचं कोरं पानसुद्धा उलटून पाहिलं.

“असं अर्ध्यावर टाकून जातं का कुणी?” अर्धवट घातलेलं प्लास्टर बघावं तशा त्या चिडल्या होत्या. “मंग आपणच करू की फुडचं.”

त्या पुस्तकांचे चाहते मोबाईलवर एका ग्रुपमध्ये जमले होते. तिथं आम्हाला योगेश भेटला. सारोळ्याला महामार्गालगत, नीरेच्या पुलाजवळ त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. तिशीतला गडी, दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिहायचा. लढाया त्याच्याइतक्या चांगल्या कुणालाच रचता यायच्या नाहीत. आम्ही तिघांनी वेगळा ग्रुप काढला आणि चौथा भाग रचायला घेतला.

सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात सगळं जंगल उचलून आमच्याकडे आणलं. परदेशी प्राणी त्यांना ओळखीचे वाटेनात, म्हणून डोंगर साळिंदरांना दिला आणि नदी पाणमांजरांना. शेकरांना निरोपे नेमलं. साळिंदरांच्या म्हाताऱ्या सरदाराचं मूळ नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, त्याचा काटेराव झाला. पावसाळ्यात एसटीच्या काचेवर वाफ धरायची, त्यावर त्या बोटानं नकाशा काढायच्या. ही खिंड, हा ओढा, हितं जांभळीचं झाड. खिंडीतून बाहेरचा खरा डोंगर दिसायचा आणि ओढ्यातून खरं पाणी. बघता बघता नकाशाचे ओघळ व्हायचे, आणि सैन्यं कुठं उभी होती ते दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरवावं लागायचं.

एकदा मी जरा मोठ्यानं म्हणालो, “पुलापाशी गाठायचं आणि एकालाही सोडायचं नाही.” पुढच्या बाकावरचे एक आजोबा वळले. आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “सिस्टर, तुमी दवाखान्यातल्या ना?”

“व्हय बाबा. रानातल्या जनावरांचं बोलतोय.”

“मंग रानडुकरांला आदी धरा,” आजोबा म्हणाले. “भात लई तुडवलंय माजं.” आणि ते पुन्हा पुढं पाहू लागले. सिस्टरांनी त्याच दिवशी रानडुकरांची एक तुकडी कथेत घातली. ती कुणाच्याच बाजूनं लढत नव्हती, नुसती तुडवत जात होती.

पण सिस्टरांबरोबर लढाई रचणं सोपं नव्हतं. योगेश हल्ल्याचा बेत पाठवायचा आणि त्या विचारायच्या, जखमींना उचलणार कोण? पाणी उकळणार कुठं? त्यांनी जांभळीखाली दवाखाना काढला. दोन्हीकडचे जखमी तिथं यायचे, आणि साळिंदराला पट्टी बांधायची तर काटे कसे दाबून धरायचे, यावर आमचा एक अख्खा आठवडा गेला. योगेश वैतागायचा. “सिस्टर, आजून तलवार उपसली न्हाई आन् तुमी मलमपट्टी करताय!” त्या हसणारा चेहरा पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, आदी जखमींचं.

भांडण झालं ते काटेरावावरून.

योगेशनं त्याचं मरण लिहून पाठवलं. म्हातारा खिंड अडवून उभा राहतो, सगळी टोळी सुखरूप निसटते, आणि तो एकटा तिथं पडतो. कुणी येत नाही. पाऊस पडत राहतो. वाचून मी दवाखान्याच्या खिडकीत गोळ्या मोजायचा थांबलो होतो, इतकं ते चांगलं उतरलं होतं.

सिस्टरांनी लिहिलं, “नको.”

“लढाईत मरत्यातच सिस्टर.”

“मरू दे. एकटा नको.”

“एकटाच मरनार.”

“एकटा नको.”

थोड्या वेळानं पडद्यावर ओळ आली, की योगेश ग्रुपमधून बाहेर पडला आहे.

मला वाटलं, संपलं. दोन दिवस एसटीत सिस्टरांनी काचेवर नकाशा काढला नाही. मग म्हणाल्या, “सर, रविवारी सारोळ्याला जायचं.” एका कल्पनेतल्या साळिंदरासाठी पन्नाशी ओलांडलेली बाई सुट्टीच्या दिवशी महामार्गावर निघाली होती. तुमच्या ओळखीत असं माणूस असेल, तर त्याला नाही म्हणणं किती अवघड असतं हे तुम्ही जाणताच.

आम्ही पोचलो तेव्हा योगेश एक ट्यूब पाण्याच्या टपात बुडवून फिरवत होता, कुठून बुडबुडे येतात ते पाहत. आम्ही कोण ते सांगितल्यावर तो ओशाळला. ओले हात पँटला पुसले, दोन खुर्च्या सावलीत मांडल्या, चहा सांगितला. काटेरावाचं नाव कुणीच काढेना. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, “एकटाच का मारायचा त्याला? एवढं सांगा, मंग मी काय बोलणार न्हाई.”

योगेशनं ट्यूब पुन्हा टपात बुडवली. मग म्हणाला, “कोरोनात माजे वडील गेले. म्या गेटाभाईर हुतो. आत सोडलं न्हाई. त्यांच्यापाशी कोन हुतं, काय बोलले, काय म्हाईत न्हाई. त्यांच्यापाशी कोन न्हवतं, तर काटेरावापाशी कशाला पायजे?”

पुलावरून एक कंटेनर गेला. सिस्टरांनी कुठल्या हॉस्पिटलात, असं विचारलं. त्यानं सांगितलं.

“तिथं मी नव्हते,” त्या म्हणाल्या. “मला दुसरीकडच्या कोविड वॉर्डात धाडलं हुतं. तुमच्या वडलांचं मला ठाऊक न्हाई, आन् खोटं मी बोलणार न्हाई. पण आमी हात धरत हुतो योगेश. हातमोजे हुते, त्यावर आनकी हातमोजे हुते, तरी धरत हुतो. नाव घेऊन बोलत हुतो. माज्या वॉर्डात कुणी एकटं गेलं न्हाई...” त्या थांबल्या. “न्हाई. दोगं गेले. मी दुसऱ्या खाटंपाशी हुते. ते दोगं आजून मला दिसत्यात.”

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून प्रवास केला होता. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. चहा आला, गार झाला. योगेश ट्यूब टपातून काढून मांडीवर घेऊन बसला होता, पाणी त्याच्या पायांवर गळत होतं.

मग तो म्हणाला, “टोळी तर लांब गेली आसनार. माघारी कोन येनार त्याच्यासाटी?”

“मंग?”

“पाणमांजर येऊ दे एक.”

“समोरच्या बाजूचं?” मी विचारलं.

“तेच जवळ आसंल ना. साधं. सरदार-बिरदार न्हाई. येतंय आन् बसतंय जवळ.”

सिस्टरांनी मान हलवली आणि चष्मा काढून पदरानं पुसला. तेवढा प्रसंग आम्ही तिथंच, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, तिघांनी मिळून रचला. काटेराव त्या पाणमांजराला काय म्हणतो हे काही ठरेना. सिस्टर म्हणाल्या, पाणी मागतो. बस्स, तेवढंच. योगेशनं ते तसंच ठेवलं. पुढं त्याला सुचलेली प्रत्येक लढाई तो आधी त्यांना फोन करून सांगू लागला.

रिटायर झाल्यावर सिस्टर राजगडाच्या पायथ्याच्या पालीजवळ आपल्या गावी राहायला गेल्या. तिथं घराच्या एका कोपऱ्यातच रेंज यायची. त्यांचे निरोप एकदम पाच-सहा येऊन पडायचे, उलटसुलट. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. हृदयाचं काहीतरी झालं. मी योगेशला फोन केला, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “जवळ कोन हुतं?”

“सून होती.”

मागे त्याचा काँप्रेसर चालू होता.

चौथा भाग लिहून झालेला नाही. शेवटची मोठी लढाई अजून कागदावर उतरलेली नाही. ती रचायला योगेश आणि मी एकदाच, सिस्टरांच्या शेवटच्या हिवाळ्यात, त्यांच्या गावी गेलो होतो. भातं निघाली होती. त्यांनी आम्हाला नाचणीची भाकरी आणि वाटाण्याची उसळ वाढली, मग ओढ्याकाठी आंब्याखाली घोंगडी अंथरली. राजगडाचा माथा धुरकट उन्हात आहे-नाही असा दिसत होता, गडावरून उतरणाऱ्या पोरांचं हसणं मधूनच यायचं. कुठली तुकडी कुठून येणार हे सांगता सांगता सिस्टर आडव्या झाल्या, म्हणाल्या, “तुमी बोला, मी आयकते,” आणि झोपून गेल्या. एक हात गालाखाली, तोंड थोडं उघडं.

योगेशनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं आवाज उतरवला. मीही उतरवला. नगारे वाजले, दोन्ही सैन्यं पाण्यात उतरली, खिंडीतून दगड सुटले, आणि हे सगळं आम्ही कुजबुजत घडवत राहिलो, त्यांना जाग येऊ नये म्हणून.