एकवीस गैरहजर

मी चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आणि त्या काळात माझ्या ताब्यातून एकही मूल हरवले नाही. सहलीत नाही, जत्रेत नाही, स्नेहसंमेलनाच्या गोंधळातही नाही. हरवली ती निवृत्तीनंतर. एकाच दुपारी, एकवीस!

कुटुंबाच्या ग्रुपवर माझा फेटा घातलेला फोटो पाहून, बाळांनो, तुम्ही दोघांनी तिकडून जे प्रश्न पाठवलेत ("आजी निवडणुकीला उभी राहिली का?"), त्यांची उत्तरे एका अंगठ्याने टाइप करण्यासारखी नाहीत. म्हणून हे सगळे क्रमाने लिहिते.

तुमच्या काकाची सानिका आमच्याकडे राहून बीएस्सी करते, हे तुम्हाला माहीत आहे. विषय झूलॉजी. तिने तो घेतला तेव्हा अख्ख्या नात्यागोत्याने एकच प्रश्न विचारला होता, "म्हणजे बेडूक कापायचे?" आता बेडूक कापत नाहीत. आता प्रोजेक्ट करतात. सानिकाचा प्रोजेक्ट होता रेशीमकिड्याचे जीवनचक्र, आणि ते चक्र माझ्या अभ्यासिकेतल्या टेबलावर, बुटाच्या खोक्यात, गेले पाच आठवडे फिरत होते. सुरुवातीला मोहरीएवढी अंडी. मग दोऱ्याएवढ्या अळ्या. आणि फेब्रुवारी संपता संपता बोटाएवढ्या, पांढऱ्या, गुबगुबीत चोवीस अळ्या. त्या तुतीची पाने अशी खायच्या की शेजारच्या खोलीत आवाज यायचा.

गुरुवारी सानिका कॉलेजबरोबर तीन दिवस जंगलात पक्षी मोजायला निघाली. सोमवारी परीक्षा. बाहेरचे परीक्षक येऊन जिवंत कोष बघणार, प्रश्न विचारणार. कोष नाहीत तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर त्या पेपरात नापास.

"आजी, जमेल ना तुला?" पाठीवर सॅक अडकवत तिने विचारले. तिचा चेहरा पडला होता.

"माझे माहेर उमरेडचे, विणकरांचे," मी म्हणाले. "घरात चार माग होते. रेशीम मला कोणी शिकवू नये."

"तुझ्या घरी रेशीम यायचं ते लडी होऊन," आजोबा पेपरामागून म्हणाले. "अळी पाहिली होतीस का कधी?"

"लडीवरून अंदाज येतो!"

सानिकाने मला सूचनांचा एक कागद दिला. पाने चार वेळा घालायची, कोरडी पुसून घालायची, मुंग्या येऊ द्यायच्या नाहीत, जवळ उदबत्ती लावायची नाही. अक्षर सुरेख, मुद्दे क्रमाने. माझी नात शोभते! असा कागद इकडेतिकडे पडलेला मला खपत नाही. तिची बस सुटायच्या आत मी तो डिंक लावून, चारही कोपरे दाबून, कपाटाच्या दारावर चिकटवून टाकला. (हे लक्षात ठेवा.)

मग मी हजेरीची वही घातली. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने. सगळ्या एकाच गणवेशात असल्यामुळे नावाने हाक मारणे शक्य नव्हते, म्हणून नुसती डोकी मोजायची. पहिल्या दिवशी चोवीस आल्या. मग तेवीस. मग पंचवीस! आजोबा म्हणाले, "एक बाहेरची बसली असेल." मी पट्टीने पाने बाजूला करून पुन्हा मोजल्या. चोवीस. वर्गाला शिस्त लागायला दोन दिवस जातातच.

शनिवारी सकाळी त्यांनी खाणे बंद केले.

मी ताजी पाने घातली. कोणी ढुंकून बघेना. उलट सगळ्या जणी मान वर करून, डावीकडे-उजवीकडे डोलू लागल्या. अंगाचा रंग पिवळसर झाला. घरकामाला येणारी रेखाबाई खोक्यात डोकावून दोन पावले मागे सरली.

"आजी, यांच्या अंगात आलं काय जी?"

"आजारी आहेत त्या."

"मान पाहा ना कशी हालवून राहिल्या! माह्या सासूच्या अशीच हालते, आरतीच्या टायमाले."

"शनिवारचा उपास असेल," आजोबा म्हणाले.

सानिकाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर! एकदा नाही, अकरा वेळा. शेवटी माझ्या अनुभवाने निदान केले: कोंदट हवा. शाळेत मुले पेंगू लागली की मी खिडक्या उघडायची. मी खोक्याचे झाकण काढले. त्याच सुमारास खुर्चीवर मला आजोबांचा फेटा दिसला. मागच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा बांधलेला केशरी फेटा. तो सोडायला ते तयार नव्हते. ("सोडला तर पुन्हा कोण बांधणार?") फेट्याची जागा खुर्ची नव्हे. मी तो उचलून टेबलावर, खोक्याला टेकवून, व्यवस्थित ठेवला आणि जरा आडवी झाले.

चार वाजता हजेरीला उठले. उपस्थित: तीन.

पुढच्या दोन तासांत या घरात काय झाले ते तुमच्या बाबांना विचारू नका, कारण त्यांना मी वेगळे सांगितले आहे. रेखाबाईला झाडू उचलायला बंदी. आजोबांना जमिनीवर पाय टेकायला बंदी. ते दोन्ही पाय सोफ्यावर घेऊन बसले आणि बसल्या जागेवरून सूचना देऊ लागले. मी भिंग घेऊन टेबलाखाली. तेवढ्यात ट्यूबलाइटमागून पाल निघाली.

"हिचं पोट पाहा!" मी ओरडले.

"काल बी तेवढंच होतं जी," रेखाबाईने पालीची बाजू घेतली. "उगाच काहून आळ घेता तिच्यावर? एकवीस खाल्ल्या असत्या तर भिंतीवर राहिली असती काय, खाली पडली असती धपकन!"

हा मुद्दा बिनतोड होता. पालीची सुटका झाली.

सहा वाजता सानिका आली. उन्हाने रापलेली, आनंदात, बेचाळीस पक्षी मोजून. तिने खोक्यात बघितले. मग माझ्याकडे बघितले.

"आजी, तू मागचं पान वाचलं ना?"

"कोणते मागचे पान?"

"कागदाच्या मागं लिहून ठेवलं होतं ना मी! खाली कोपऱ्यात बाण पण काढला होता!"

बाण होता. त्याच्यावर डिंक जरा जास्तच लागला होता.

बाळांनो, चौतीस वर्षे मी प्रत्येक परीक्षेत मुलांच्या डोक्यावर उभी राहून ओरडले आहे, "पान उलटा! मागेही प्रश्न आहेत!" ज्यांनी उलटले नाही त्यांना मी वर्गासमोर उभे केले आहे. आणि आता मी कोमट पाण्याचा बोळा आणि पोळ्यांचे उलथणे घेऊन कपाटाचे दार खरवडत होते. कागद सुटला. मागे लाल शाईने लिहिले होते: "सर्वात महत्त्वाचे! खाणे बंद करून मान डोलावू लागल्या तर त्या आजारी नाहीत, कोष विणायला जागा शोधत आहेत. लगेच चंद्रिकेवर ठेवणे. नाहीतर जिथे घडी दिसेल तिथे शिरतील." चंद्रिका म्हणजे कोष विणण्यासाठी असलेली बांबूची गोल चौकट. ती पलंगाखाली होती. नवी कोरी.

"घडी," सानिका रडवेल्या आवाजात म्हणाली. "आजी, आपल्या घरात घडी कुठं कुठं आहे?"

आमच्या घरात! जिथे पुसायची फडकीसुद्धा मी चौकोनी घडी करून ठेवते! आम्ही साड्या सोडल्या. टॉवेल सोडले. चादरी, अभ्रे, आजोबांचे रुमाल, वर्षभराची रद्दी. चाळीस वर्षांच्या घड्या तासाभरात मोडल्या आणि अळी एकही मिळाली नाही. सानिका कपड्यांच्या डोंगरावर बसून म्हणाली, "जाऊ दे आजी. पुढच्या वर्षी देईन पेपर." ती चिडली असती तर मला बरे वाटले असते.

रविवारी सकाळी मंडळाचा ग्रुप फोटो होता. आजोबांनी झब्बा घातला, आरशासमोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी फेटा उचलला.

"आजोबा!" रेखाबाई किंचाळली. "डोक्यावर नका घेऊ जी! तुमच्या फेट्यात कोणीतरी अंडे घातले!"

घड्या शोधताना त्या फेट्याचा कोणालाच विचार सुचला नव्हता. तो घडी केलेला नव्हता ना, बांधलेला होता! त्याच्या प्रत्येक पदरात, चुणीत, तुऱ्याच्या मुळाशी, भुईमुगाच्या शेंगेएवढे पांढरे कोष बसले होते. सानिकाने श्वास रोखून मोजले. एकवीस! मी धावत जाऊन हजेरीची वही आणली. खोक्याच्या कोपऱ्यात तिघींनी आपापले कोष केव्हाच विणायला घेतले होते. पट पूर्ण!

आनंद दहा मिनिटे टिकला. "हे काढता नाही येणार," सानिका म्हणाली. "आत त्या अजून विणून राहिल्या. धक्का लागला की संपलं. फेट्यासकटच न्यावं लागेल."

पण फेटा आतून पोकळ. उचलला की बसायचा, आणि बसला की कोष दबायचे. आत काहीतरी हवे. नारळ लहान पडला. कुकर मोठा पडला. पाण्याचा तांब्या कलंडला. फेट्याला हवे होते डोके.

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिले.

"मी माझा फेटा दिला," ते म्हणाले. "डोकं देणार नाही. आणि माझे गुडघे सानिकाच्या स्कुटीवर मावत नाहीत."

मग राहिले कोण? सोमवारी सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून, मान ताठ ठेवून, फेटा धारण केला आणि सानिकाच्या मागे बसले. तो फोटो तेव्हाचा. आजोबांनी काढला. हसू आवरत नव्हते म्हणून हलला आहे.

ताशी पंधराच्या वेगाने आम्ही निघालो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला सानिका ओरडायची, "आजी, मान!" शाळेच्या बसमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन आदराने विचारले, "काकू, रॅली कुठून सुटली?" आणि सिग्नलला वाहतूक पोलिसाने हात दाखवला.

"आजी, हेल्मेट कुठं आहे?"

"घालता येत नाही," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. "वर एकवीस जणी झोपल्या आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग सानिकाकडे पाहून आवाज एकदम खाली आणला. "जा वं पोरी. सांभाळून ने आजीले. घरी ने लवकर."

प्रयोगशाळेत परीक्षकांनी मला स्टुलावर बसवले, भिंग काढले आणि माझ्या डोक्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. सानिका एकेक कोष दाखवत उत्तरे देत होती. एका प्रश्नाला ती अडली. उत्तर मला येत होते (काल मागचे पान पाठ केले होते!). मी तोंड उघडले.

"नमुन्याने बोलू नये," परीक्षक म्हणाले.

सानिका पास झाली. नुसती पास नाही, वर्गात दुसरी आली. दोन आठवड्यांनी पतंग बाहेर पडले, चोवीसच्या चोवीस, आणि आजोबांचा फेटा कायमचा झूलॉजी विभागाकडे राहिला.

परवा तिने प्रोजेक्टची बांधलेली प्रत मला वाचायला दिली. मी चष्मा लावून, लाल पेन हातात घेऊन बसले. आभाराचे पान आले. सरांचे आभार, आईबाबांचे आभार, चांगली पाने दिल्याबद्दल तुतीच्या झाडाचेही आभार! माझे नाव कुठेच नाही. मला वाईट वाटले. मी तिला हाक मारली.

"सानिका, हे काय? मी या प्रोजेक्टसाठी डोके दिले आणि माझा साधा उल्लेख नाही?"

"आहे ना, आजी," ती आतून म्हणाली. "पान उलट."

मी पान उलटले. वर लिहिले होते, "प्रयोगाचे साहित्य". खाली यादी होती: अळ्या, चोवीस. तुतीची पाने, आवश्यकतेनुसार. फेटा, एक. आजी, एक नग (वापरून सुस्थितीत परत केली).