राजाची एकच उडी

बुद्धिबळ मी दोनदा शिकलो. पहिल्यांदा नऊ वर्षांचा असताना, शेजारच्या काकांच्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर कोळशाने आखलेल्या घरांवर. दुसऱ्यांदा चोपन्नाव्या वर्षी, माझ्या मुलीकडून, फोनवर. सोंगट्या दोन्हीकडे त्याच. नियमांत मात्र काही फरक आहेत. बाकीच्यांची मला सवय झाली, एकाची झाली नाही.

काकांच्या खेळात राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. अट अशी की उडी शह बसण्याआधी मारायची. एकदा शह बसला की उडी गेली, मग तो शह तुम्ही कितीही हुशारीने चुकवा. फोनवरच्या खेळात ही उडीच नाही. गेल्या दिवाळीला मुलगी घरी आली होती तेव्हा तिने माझ्या फोनवर तो खेळ घालून दिला. पहिल्याच डावात मी राजा उचलला आणि तो परत जागेवर जाऊन बसला.

"अप्पा, तिथं जात न्हाई तो."

"का न्हाई?"

"कारण राजा हाय तो, घोडा न्हाई."

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्यो कसला राजा? तलाठी असंल." काका आज शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि मला अजून 'तम्मा' म्हणतात, धाकट्या भावाला म्हणावं तसं.

मुलगी आखातातल्या एका शहरात नर्स आहे. जावई तिथेच एका गोदामात. दिवाळीत ती आली तेव्हा तिला तिसरा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. मेच्या उत्तरार्धातली तारीख होती. एप्रिलच्या सुरुवातीला तिने यायचं ठरलं होतं. ज्या कंपनीच्या विमानाने ती येणार त्यांचा नियम असा, की चौतीस आठवडे पूर्ण झाले की गरोदर बाईला घेत नाहीत. मी कॅलेंडरवर आठवडे मांडले. फेब्रुवारीत उळवीची जत्रा संपली त्या दिवशी पंचवीस पूर्ण झाले होते.

आमच्या वाडीत फोन लागत नाही. गुंद गावाच्या वाटेवर एक खडक आहे, घरापासून सहाशे चाळीस पावलांवर, तिथे लागतो. रोज सकाळी साडेआठला मी तिथे जाऊन बसायचो. मुलीने ड्युटीवर निघायच्या आधी केलेली खेळी आलेली असायची. आमच्या घड्याळाप्रमाणे पावणेआठ ते सव्वाआठ यांच्यामध्ये. वेळ तिथेच लिहिलेली असते. मी माझी खेळी करायचो, खाली दोन ओळी लिहायचो आणि परत यायचो. दिवसाला एक खेळी. नोव्हेंबरपासून मी चार डाव हरलो.

वेळा मी वहीत टिपायचो. त्याचं काही विशेष नाही. लाकूड डेपोत वीस वर्षं ओंडक्यांचे घेर मोजून लिहिले, हाताला सवय आहे. त्याच वहीच्या मागच्या बाजूने झऱ्याची नोंद आहे, अकरा वर्षांची. वरच्या दरडीतून एक झरा येतो, पाईप टाकून आम्ही चार घरांनी तो खाली आणलाय. महिन्यातून दोनदा मी पाईपाखाली कळशी ठेवतो आणि ती किती वेळात भरते ते घड्याळावर बघतो. जत्रेच्या सुमाराला अकरा वर्षांपूर्वी सव्वातीन मिनिटं लागली होती. गेल्या वर्षी पाच. यंदा सहा. आणि गेल्या मे महिन्यात जे कधीच झालं नव्हतं ते झालं, झरा नऊ दिवस बंद होता. आम्ही ओढ्याच्या डबक्यातलं पाणी गाळून, उकळून प्यालो. मुलीला तेव्हा मी "जरा कमी झालाय" एवढंच कळवलं होतं.

जत्रेनंतर दोन आठवड्यांनी तिकडे लढाई सुरू झाली.

जगाच्या भानगडींकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. कोण कुणावर का चिडलंय हे काकांच्या टीव्हीवर माणसं ओरडून सांगायची आणि मी पान लावत बसायचो. आता मुलीचा जुना शाळेतला नकाशा काढला. लढणाऱ्या दोन्ही देशांपासून तिच्या शहरापर्यंत दोरा धरला, दोरा पट्टीवर ठेवला, पट्टीवरून मैल काढले. एक अंतर दुसऱ्याच्या पाचव्या भागाइतकं निघालं. ते जवळचं अंतर आमच्याकडून बेळगाव, तिथून फार तर हुबळी-धारवाड करून परत येण्याइतकं होतं. मी दोरा पुन्हा लावला. तेवढंच आलं. डेपोत एखादा आकडा पटला नाही की मी परत मोजायचो आणि बहुतेक वेळा चूक सापडायची. ती सापडली की बरं वाटायचं. इथे चूक सापडली नाही.

खडकावरून फोन केला. ती म्हणाली, "अप्पा, भोंगे वाजतात ते सरावाचे हायत. लढाई लांब हाय. टीव्ही बघू नका." मग विचारलं, "झरा कसा हाय?"

त्या सकाळी मी मोजला होता. अकरा मिनिटं. मार्च नुकता लागला होता. काजूचा मोहोर करपून काळा पडला होता, आणि भर दुपारी एक गवा आमच्या टाकीला तोंड लावायला आला होता. माणसं ओरडली तरी हलला नाही. असं मी चोपन्न वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आठ मिनिटं," मी म्हणालो.

वहीत अकरा लिहिले. खोटा आकडा मी आयुष्यात लिहिलेला नाही, आणि बोललो तोही पहिल्यांदाच. मला ती यायला हवी होती. पाण्याचं खरं सांगितलं तर ती तिकडेच दवाखान्यात बाळंत होते म्हणेल, ही भीती होती. तिकडे नळाला पाणी आहे, थंड खोल्या आहेत, डॉक्टर आहेत. इकडे मी आहे आणि एक कळशी.

पुढच्या आठवड्यात तिच्या खेळ्यांच्या वेळा बिघडल्या. अकरा दहा. दहा वीस. एक दिवस खेळी आलीच नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. विचारलं तर "ड्युटी बदलली." मी वहीत तीन रकाने पाडले: खेळी यायला हवी ती वेळ, आली ती वेळ, आणि काकांच्या टीव्हीवर त्या शहरावर क्षेपणास्त्रं आल्याची सांगितलेली वेळ. उशीर झालेले दिवस सात होते. पाच जुळले. दोन जुळले नाहीत, तेही सांगितलं पाहिजे. पण पाच जुळले.

काका रकान्यांकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नाही, पण मी बोटाने दाखवत होतो ते त्यांना कळलं. "तम्मा, पोरीला म्हणावं उडी मार," ते म्हणाले. "शह बसायच्या आधी. शह बसल्यावर मग तुझी वही घेऊन काय करतूस?"

"बसला न्हाई का अजून?"

"ते मला काय इचारतोस? पट तुझ्याकडं हाय."

घरी आलो तर बायको तांदूळ निवडत होती. मी वही तिच्यासमोर धरली. तिने बघितलंही नाही.

"भोंगा वाजला की तळघरात बसतात त्या सगळ्या नर्स," ती म्हणाली. "दवाखान्याच्या खाली. तिथं फोन लागत न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. ऐतवारी मी खडकावर जाते तवा तुमी लांब आंब्याखाली बसता न्हवं? तवा." तिने सूप खाली ठेवलं. "अप्पांना सांगू नकोस म्हणाली. आणि तुमी तिला आठ मिनिटं सांगितलीत, ते बी मला ठाऊक हाय. तिनं मला इचारलं, खरं किती? मी सांगितलं, अकरा."

मी वही मिटली.

"बाप असा नि लेक अशी. त्या पटावर एकमेकाचं प्यादं सोडत न्हाईसा, आणि बोलताना खोटं. मधे मी. पंधरा दिवस झाले, दोघांची भीती माझ्याकडं ठेवलीय तुमी, माझी कुठं ठेवू?"

ती रडली नाही. सूप उचलून परत निवडायला लागली, पण खडे टाकायच्या जागी तांदूळ टाकत होती. मी बघत होतो आणि सांगायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं खडकावर गेलो. एकोणतीस आठवडे झाले होते. मुलीने फोन उचलला तेव्हा मी आधी माझं सांगितलं. अकरा मिनिटं होती ती आज तेरा झालीत. गेल्या मेमध्ये झरा नऊ दिवस बंद होता. घरटी दिवसाला किती कळशा येतात तेही सांगितलं. बाळंतिणीला आणि लेकराला, धुण्यासकट, आणखी आठ तरी लागतील असं तुझी आई म्हणते. आणि मेमध्ये तेवढं मिळेल असं मी म्हणू शकत नाही.

बायकोलाही ऐकू यावं म्हणून मी फोन दोघांच्या मधे धरला.

"काल तीनदा वाजला भोंगा," ती म्हणाली. "सरावाचा न्हाई. परवा चारदा. एक पडलं ते आमच्यापासून लांब पडलं, पण खिडक्या हालल्या. अप्पा, तळघरात बसलं की हे आत लाथा मारतं. भोंग्याला घाबरतं का मी घाबरते म्हणून, ठाऊक न्हाई."

"मग ये."

"यायचं म्हणजे कुठं यायचं? तेरा मिनिटांकडं?"

ती चिडून बोलली नव्हती. हिशेब विचारावा तसं विचारत होती. तेव्हा बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "तेरा मिनिटांकडं," ती म्हणाली. "न्हाई पुरलं तर आमची आंघोळ बंद. तुझ्या अप्पांच्या अंगाला तसंबी लई वास येत न्हाई." तिकडून मुलगी हसल्याचा आवाज आला, आणि मग हसणं थांबवायला तिला बराच वेळ लागला.

त्या दिवशी एक ठरलं. रोज खेळीबरोबर दोघांनी एक एक खरा आकडा लिहायचा. तिने भोंग्यांचा, मी मिनिटांचा. बाकी काही विचारायचं नाही. तिने एकतिसाव्या आठवड्यातलं तिकीट काढलं.

मला वाटलं होतं खरे आकडे कळले की भीती कमी होईल. तसं झालं नाही. आधी मला कुठेतरी चूक असण्याची आशा होती. आता सकाळी उठून पाईपाखाली कळशी धरायचो आणि पाण्याची धार बघताना वाटायचं, ही धार आणि तो भोंगा एकच आहे. कुणी लांब बसून काहीतरी जाळतं, आणि त्याचा आकडा आमच्या वहीत येतो. झरा आटतो तो सावकाश, क्षेपणास्त्र येतं ते मिनिटांत, एवढाच फरक. दोघांपैकी कुणालाही मी थांब म्हणू शकत नव्हतो.

२, १४. ०, १४. ५, १५. असे आकडे. ० आला की मी खडकावरून परत येताना पावलं मोजायला विसरायचो.

एकतिसाव्या आठवड्यात विमानतळ बंद झाला. तिकीट रद्द. ती बातमी तिने खेळीखाली एका शब्दात लिहिली. मी काकांकडे गेलो आणि त्यांच्या पडवीत बसलो. त्यांनी जुन्या सोंगट्यांची पिशवी काढली, मांडायला घेतली, मग माझ्याकडे बघून परत पिशवीत भरली. "माझ्या विहिरीत दीड पुरुष पाणी हाय," ते म्हणाले. "बाळंतिणीसाठी वायलं ठेवू. मी म्हातारा, मला कशाला धुवायचंय." त्यांच्या विहिरीला गेल्या मेमध्ये किती पाणी होतं ते मला माहीत होतं. मी विचारलं नाही. मग घरी जाऊन वहीत लिहिलं: काकांची विहीर, दीड पुरुष, सांगीव. मोजलेलं नाही.

दहा दिवसांनी विमानतळ उघडला. नवं तिकीट मिळालं ते तेहतीस आठवडे दोन दिवसांचं. चौतीसला पाच दिवस उरतात. डॉक्टरची चिठ्ठी तिने घेतली आहे. विमान गोव्याला उतरेल, तिथून जीप सांगून ठेवली आहे, रामनगरवरून वर. आम्ही झऱ्याच्या तोंडातला गाळ काढला, चारही घरांनी मिळून, दोन दिवस. सतरा मिनिटांची साडेसोळा झाली.

विमान उद्या आहे. आज सकाळी खडकावर गेलो तेव्हा तिची खेळी आली होती, सात बावन्नला. घोड्याने माझ्या राजाला शह दिला आहे. खाली लिहिलं होतं, १. नुसता एक, पुढे काही नाही. आज किती वाजता वाजला, त्यानंतर विमानं चालू आहेत की नाहीत, हे तिने लिहिलं नाही आणि मी विचारायचं नाही असं ठरलेलं आहे.

मी राजा एक घर बाजूला घेतला. या खेळात त्याच्याकडे तेवढंच आहे. खाली लिहिलं, १७. गाळ काढूनही परत सतरा झाली होती. साडेसोळा लिहावंसं वाटलं, बोट त्या आकड्यावर गेलंही होतं.

सतरा लिहून पाठवलं. मग तिथेच बसून राहिलो, ऊन खडकावर येईपर्यंत, आणि आल्यावरही.