लेआउट बदलताना उडालेली घाबरगुंडी

आमच्या ऑफिसात जुन्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या ठेवायला आता जागा उरलेली नाही. लोकांच्या कारखान्यातली जागा आम्ही वाचवून देतो आणि स्वतः मात्र कपाटावर रचत बसतो! परवा आवरायला घेतलं, तर एकेक गुंडाळी उघडली की हसू यायचं आणि पाठोपाठ वाटायचं, यातून सुटलो कसे! आमच्या धंद्यातले किस्से असेच असतात. सांगताना मजा वाटते, घडताना घाबरगुंडी उडालेली असते.

आम्ही तिघं. कारखान्यात कुठलं मशीन कुठे बसवायचं, माल कुठून आत यायचा, माणसं कुठून चालायची हे कागदावर काढते ती मी. ते तपासतात ते नाना. मूळचे साक्रीकडचे, तीस वर्षं प्रॉडक्शन मॅनेजर होते, पण भडकले किंवा खूश झाले की अजूनही खान्देशीत शिरतात, 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' होतं. आणि कागदावरचं जमिनीवर उतरवतो तो धुळ्याचा सलीमभाई. मशीन उचलणं, फाउंडेशन, गवंडीकाम, सगळं त्याच्याकडे.

*

माझं पहिलंच काम, जळगावातली डाळमिल. मी जमीन इंच इंच मोजली होती. कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून डाळ निवडणारं मशीन, वरच्या माळ्यावर घ्यायचा ठरला. सलीमभाईने चेन पुलीवर मशीन उचललं, निम्म्यात नेलं आणि थांबला. वर आडवा बीम! मशीनची उंची मी धरली होती, वरच्या हुकाची आणि साखळीची धरलीच नव्हती.

मशीन हवेत, जरासं झुलतंय. खाली सहा माणसं. तेवढ्यात साखळीतून 'कट्' असा आवाज आला.

सलीमभाई अगदी हळू म्हणाला, "खालची माणसं भिंतीकडे व्हा. पळू नका. मॅडम, तुम्ही पण श्वास हळू घ्या."

मशीन खाली उतरायला तासभर लागला. तोवर मी धान्याच्या पोत्यावर बसकण मारली होती. नानांनी ड्रॉइंग उलगडलं, मग बीमकडे बघितलं, पुन्हा ड्रॉइंगकडे बघितलं.

"बठ्ठं बरोबर शे," ते म्हणाले. "फक्त मशीनले पंख काढाचे राहिले!"

*

चटईच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायका दिवसभर किती चालतात, ते बघायचं होतं. त्यासाठी एकीच्या मागे शिफ्टभर फिरायचं आणि तिचा रस्ता नकाशावर रेघेने काढायचा. संध्याकाळपर्यंत कागदाचा पार गुंता होतो. मी मंदाताईंच्या मागे लागले. त्या असोद्याहून रोज बसने यायच्या.

सकाळी त्या माझ्याशी बोलत होत्या. दहानंतर बोलेनात. जेवणाच्या सुट्टीत डबाही उघडला नाही. शेवटी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, माझी पावलं मोजताय ना? मग एक सांगा. जास्त निघाली तर काढणार, की कमी निघाली तर?"

मी म्हटलं, "ताई, काढणार कोणालाच नाही. चालणं कमी करायचंय." त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता.

आणि त्यांचंच खरं! नवीन लेआउटमध्ये चालणं निम्म्यावर आलं. शेठनी ड्रॉइंग बघितलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "वा! म्हणजे दोघींचं काम आता एकीत होईल!"

नानांनी टेबलावरचं ड्रॉइंग शांतपणे गुंडाळलं आणि काखेत मारलं. "शेठ, आम्ही पावलं कापली. माणसं नाही. माणसं ठेवणार असाल तर हे उघडतो."

शेठ नानांच्या काखेतल्या गुंडाळीकडे बघत राहिले. मग "उघडा" म्हणाले. पुढे सहा महिन्यांनी मी गेले, तेव्हा सगळ्या जणी होत्या. त्यानंतर मी चौकशी केलेली नाही. खरं सांगू? विचारायची भीती वाटते.

*

धुळ्यातला पॉवरलूमचा कारखाना. माग इतके चिकटून बसवलेले की मधून एक खांदा पुढे काढून आडवंच जायचं, पोट आत ओढून. आणि दोन्ही बाजूंना पट्टे फिरतायत! तिथे चाळीस वर्षं काम केलेले युनूसचाचा होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेलेले.

मी दोन मागांमधलं अंतर मोजायला स्टीलची टेप लावली. टेपचं टोक पट्ट्यात गेलं. एका झटक्यात टेप सरसरत ओढली गेली, तिच्यामागोमाग माझा हात. मी किंचाळले. त्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

माग थांबला. चाचांचा हात स्विचवर होता. टेपचा चुराडा झाला होता. माझी बोटं पट्ट्यापासून वीतभर लांब.

बाहेर चहा घेताना मी लिहून विचारलं, "चाचा, तुम्हाला ऐकू कसं गेलं?"

"ऐकू कुठे येतं? तुमचं तोंड उघडं दिसलं. इथं गाणं कोणी म्हणत नाही!"

आम्ही मधला रस्ता चांगला तीन फूट केला. महिन्याने गेले, तर चाचा त्या तीन फुटांतूनही आडवेच चाललेले. मी हातांनी खूण केली, सरळ चाला की!

चाचा हसले. "पैर तो मान गए बेटी, कंधे नहीं मानते!"

*

साक्रीजवळच्या तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवरून तीन आठवडे भांडण. मालकाची आई, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, अडून बसल्या की बॉयलर म्हणजे अग्नी, तो आग्नेय कोपऱ्यातच हवा. आता त्या कोपऱ्यातच बाहेर पडायचं एकुलतं दार! बॉयलरचं काही झालं तर आतली पंचवीस माणसं जाणार कुठून? मालक आईपुढे बोलेना, मी अक्कांपुढे बोलेना.

नानांनी अक्कांना हाताला धरून मिलच्या मधोमध उभं केलं. डोळे मिटायला सांगितले. मग एकदम ओरडले, "माय, आग लागनी! कोठून पयशी?"

अक्का दचकून पळायला निघाल्या, दाराकडे. चार पावलांवर थबकल्या. बॉयलरचा कोपरा तोच! पण हट्ट सुटेना. "देव शे ना तठे!"

"देव शे वं माय," नाना म्हणाले. "पण त्याले बी दार लागस!"

बॉयलर कोपऱ्यातच राहिला. पण समोरच्या भिंतीत नवीन दार अक्कांनी स्वतः उभं राहून पाडून घेतलं.

*

यावलच्या रस्त्यावरचं जिनिंग. तिथलं ड्रॉइंग हे माझं सगळ्यात देखणं काम, असं मी सगळ्यांना सांगायचे. सरकी काढण्याच्या हॉलला एक जुनं दार होतं. बायका त्यातून ये-जा करायच्या आणि थेट कपाशीच्या ट्रकांच्या वाटेत यायच्या. मी ते दार बंद करून तिथे भिंत दाखवली आणि पलीकडच्या बाजूला मोठं, सुरक्षित दार दिलं. सलीमभाईने भिंत बांधली, गिलावा केला, रंगही दिला. तिथे कधी दार होतं हे ओळखू येईना.

आठवड्याने बघायला गेले. दुपारचे तीन. कपाशीतून खडा आला असेल नाहीतर लोखंडाचा तुकडा, मशीनमध्ये ठिणगी उडाली. कापूस पेटतो म्हणजे काय, ते तेव्हा बघितलं. ज्वाळा जमिनीवरून धावते!

"पळा! नव्या दाराकडे!" मी ओरडले.

अकरा बायका पळाल्या. सगळ्या, एकजात, जुन्या दाराकडे! दहा वर्षांची वाट पायांत बसलेली. मी त्यांना वळवायला मागे धावले. त्या भिंतीपाशी पोचल्या, हात लावून बघायला लागल्या, जणू दार इथंच कुठेतरी असेल. वळून बघितलं, तर आमच्या आणि नव्या दाराच्या मध्ये धूर उभा होता. काळा. पलीकडचं काही दिसेना.

कमलबाई नावाची बाई भिंतीवर मुठी आपटत होती. "इथंच होतं वं! इथंच होतं!" मी तिच्या शेजारी उभी. ते दार मी पुसलं होतं. माझ्याच पेन्सिलीने. मला खोकला येत होता आणि डोक्यात एवढं एकच.

भिंतीपलीकडून आवाज आला. "मागे सरका! सगळ्या मागे!" सलीमभाई! तो बाहेर मशीनचं फाउंडेशन खोदत होता.

वरच्या कोपऱ्यात पहारीचं टोक दिसलं. एक वीट बाहेर ओढली गेली. मग चार. मग अख्खी भिंत पत्त्यांसारखी बाहेरच्या बाजूला कोसळली आणि डोळ्यांवर ऊन आलं. आम्ही बाराही जणी विटांवरून धडपडत बाहेर पडलो. कमलबाईचा कोपर सोलवटला, तेवढंच.

बंब आला, छप्पर गेलं, कापूस रात्रभर धुमसत राहिला ते वेगळं. मी कडुनिंबाखाली बसले होते. पायाशी त्या भिंतीतली एक वीट पडलेली. उचलून बघितली. एका बाजूला गिलावा, बाकी पाचही बाजू कोऱ्या. जोडाला सिमेंटचा कण नाही.

मी ती वीट सलीमभाईसमोर धरली.

त्याने कपाळावरची काजळी पुसली. "काय झालं मॅडम? ड्रॉइंगमध्ये भिंत होती, मी भिंत रचली. सिमेंट कुठे दाखवलं होतं?"